टेस्ट ड्राइव्ह आमच्या चढावर

दुपारी दीडला आमच्या शोरूमच्या मागच्या खोलीत डबे उघडतात. कोणी काय आणलंय ते बघून होतं न होतं, तोच कोणीतरी म्हणतं, "सकाळी काय झालं माहीत आहे?" झालं! कालचा किस्सा अर्धाच सांगून झालेला असतो, त्याच्यावर आजचा येऊन बसतो. गाड्या विकल्या जातात, यार्ड रिकामं होतं, पण किस्से काही गेटबाहेर जात नाहीत. त्यातले माझ्या पहिल्या तीन महिन्यांतले तेवढे सांगते.

आमचं शोरूम रत्नागिरीच्या बाहेर, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी तिथे टेस्ट ड्राइव्हला असते. गिऱ्हाईक आलं की डेमोची गाडी काढायची, त्यांना थोडं फिरवायचं, मग स्टिअरिंग त्यांच्या हातात देऊन आपण शेजारी बसायचं. डेमोची गाडी एकच, कंपनीची सगळ्यात छोटी हॅचबॅक, पांढरी. ती बघायला येणारी माणसंही साधीच. शिक्षक, दुकानदार, आंब्याची थोडी कलमं असलेले बागायतदार. बहुतेकांच्या घरातली ही पहिलीच गाडी.

त्याआधी आठ वर्षं मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होते. शाळेने स्वतःची बस घेतली आणि माझी व्हॅन बंद पडली. मी इथे विचारायला आले तेव्हा मॅनेजर साळवीसाहेब म्हणाले, "ताई, टेस्ट ड्राइव्हला बाईमाणूस आम्ही कधी ठेवलं नाही. तीन महिने बघू. नाही जमलं तर रिसेप्शनला जागा आहेच."

रिसेप्शनची जागा काही वाईट नाही. पंखा डोक्यावर, समोर फोन. पण मला गाडी चालवायची होती. त्या खुर्चीत आपण बसायचं नाही, एवढं मी त्याच दिवशी ठरवलं.

आता आणखी दोघं. प्रसाद आमचा सेल्समन, ब्रोशर तोंडपाठ. उस्मानभाई वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांनी ब्रोशर कधी उघडलेलं नाही, पण गाडी पुरती उघडलेली आहे.

*

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर. प्रसादने त्यांना मोठ्या अदबीने गाडीत बसवलं. ते मागच्या सीटवर बसले. मी पुढे, स्टिअरिंगवर. आरशात बघितलं तर मास्तर खिडकीतून बाहेर बघतायत. मला वाटलं, कोणाची तरी वाट बघत असतील, घरचं कोणी येणार असेल. म्हणून मी थांबले. एसी चालू ठेवला.

पाच-सात मिनिटांनी मास्तरांनी विचारलं, "तुम्हीपण गाडी बघायलाच आलात का?"

मी म्हटलं, "नाही, दाखवायला." आणि गाडी काढली.

हायवेच्या पुलापर्यंत नेऊन परत आणली. त्यांनी मागची सीट बघितली, पाय लांब करून बघितले, काच खाली-वर केली. स्वतः चालवायची नाही म्हणाले, चालवणार मुलगाच होता. उतरल्यावर थेट साळवीसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तक्रार केली.

"गाडी चांगली आहे हो तुमची. पण तुमचा ड्रायव्हर शेवटपर्यंत आला नाही. त्या बाई होत्या म्हणून निभावलं."

*

इब्राहिमचाचा खाडीपलीकडच्या गावातले. बावीस वर्षं आखातात ड्रायव्हर होते. आता कायमचे घरी आले होते. सोबत चाची. प्रसादने गाडीची माहिती द्यायला तोंड उघडलं तर चाचांनी हात वर केला. "मला नको सांगू. मी ह्याच्या चौपट मोठ्या गाड्या चालवल्यात." प्रसादने मुकाट्याने किल्ली माझ्याकडे दिली, मी ती चाचांकडे दिली.

चाचा रुबाबात गेले, डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले, सीट मागे सरकवली, आणि दोन्ही हात पुढे केले.

समोर स्टिअरिंग नव्हतं. तिकडे गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, बावीस वर्षांची सवय! आम्ही सगळे बघत होतो. चाची तर डोळे वटारून बघत होती. पण चाचा काही घाबरले नाहीत. पुढे केलेल्या हातांनी त्यांनी डॅशबोर्ड दाबून बघितला, समोरचा कप्पा उघडून बंद केला, आणि म्हणाले, "मजबूत आहे." मग उतरून, गाडीला सावकाश वळसा घालून उजवीकडे येऊन बसले.

गेटमधून बाहेर पडताना त्यांनी गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला घातली. मी शेजारून म्हटलं, "चाचा, आपण डावीकडून." घेतली डावीकडे. पुढे वळण आलं, चाचांनी इंडिकेटर द्यायला म्हणून काडी ओढली, ती वायपरची. आमच्या गाडीत इंडिकेटरची काडी उजवीकडे आहे, वायपरची डावीकडे. मग काय, प्रत्येक वळणाला भर उन्हात वायपर फिरायचा. नाक्यावर एक हवालदार उभे होते, त्यांनी मान वर करून आभाळाकडे बघून घेतलं.

परत आलो. चाचांनी किल्ली माझ्या हातात न देता चाचीच्या हातात दिली. म्हणाले, "गाडी पसंत. हलकी आहे, वळते चांगली. पण माझी सवय मोडायला आता आणखी बावीस वर्षं लागतील. हिला कसलीच सवय नाही. ताई, हिला शिकवाल?"

चाची तोवर उजव्या बाजूला बसलीसुद्धा होती. ही माझी पहिली विकलेली गाडी. चाची ती अजून चालवते, आणि चाचा शेजारी बसून तिला कधी वळायचं ते सांगतात.

*

संगमेश्वरकडचे एक भाऊ बायकोला घेऊन आले. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. प्रसादला वाटलं जुन्या गाडीची काच. उलगडलं तर आत गणपतीचा पाट!

आमच्याकडे चतुर्थीच्या आधी महिना-दोन महिने प्रत्येक घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, नेऊन द्यायचा असतो. त्या पाटावरच मूर्ती होते आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. ह्या भाऊंचं म्हणणं, इतकी वर्षं बाप्पा डोक्यावरून, नाहीतर दुसऱ्याच्या टेम्पोतून आले. आता स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर, मांडीवर घेऊन आणायचे. तेव्हा आधी बसतात का बघू.

पाट मांडीवर बसला. पण मूर्तीची उंची? घरची मूर्ती पणजोबांपासून ठरलेली, दोन फुटांची. तेवढ्या उंचीचं काहीतरी पाहिजे, तेही स्वच्छ. पाटावर कसलाही खोका ठेवायला वहिनी तयार नव्हत्या. प्रसादने चौफेर बघितलं आणि साहेबांच्या केबिनमधून जास्त गाड्या विकल्याबद्दल कंपनीने दिलेली पितळी ट्रॉफी उचलून आणली. वहिनींनी ती आधी पदराने पुसली. मग पुढच्या सीटवर बसून, मांडीवर पाट, पाटावर ट्रॉफी, दोन्ही हातांनी धरून बसल्या. ट्रॉफी छताला अडली, सरळ उभी राहीना.

भाऊंनी वाकून बघितलं. सीट मागे घेतली, पाठ खाली केली. ट्रॉफी अडलेलीच. उस्मानभाई टेप घेऊन आले, मापून म्हणाले, "वीस इंच बसेल. चोवीस नाही."

प्रसाद म्हणत होता, मागची सीट पाडून ठेवू, काय हरकत आहे. पण मागे सामानासारखं ठेवायचं भाऊंना पटेना, आणि मूर्ती लहान करायची गोष्ट तर काढायचीच नव्हती. मी त्यांना सरळ सांगितलं, तुमच्या कामाला ही गाडी नाही, हिच्या वरची आहे ती बघा, तिचं छत उंच आहे.

ते त्या दिवशी तसेच गेले. आठवड्याने मुंबईच्या भावाला घेऊन आले आणि वरची गाडी घेऊन गेले. पाट परत आणला होता. ट्रॉफी ह्या वेळी साहेबांनी स्वतः दिली.

तेव्हापासून आमच्या छोट्या गाडीत जागा किती असं कोणी विचारलं की प्रसाद सांगतो, "माणसाला भरपूर. बाप्पाला वीस इंच."

*

पहिला महिना असा गेला. दुसऱ्या महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

झालं होतं असं. एक कुटुंब आलं होतं. नवराबायको, दोन मुलं, आजोबा. त्यांचं घर चढावर, वरच्या वाडीत. बायकोने मला हळूच विचारलं, आम्ही पाच जण बसलो तर गाडी चढेल का हो? प्रसाद म्हणाला, धावत चढेल. मी म्हटलं, चढेल, पण एसी बंद करावा लागेल आणि पहिला गिअर टाकावा लागेल. एसी लावून पाच माणसं घेऊन ही गाडी चढावर दमते. बाकी सपाटीला, बाजाराला, शाळेला, हिच्यासारखी गाडी नाही. पेट्रोल कमी खाते, कुठेही वळते, दुरुस्ती सोपी.

ते लोक "विचार करतो" म्हणून गेले. आणि ते प्रसादने साहेबांना सांगितलं.

साहेब रागावले नव्हते, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?"

मी म्हटलं, "साहेब, ती माणसं उद्या त्या चढावर अडकली तर येणार कुठे? आपल्याकडेच."

मग मी मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. आपला टेस्ट ड्राइव्हचा रूट म्हणजे गेटपासून हायवेचा पूल आणि परत. गुळगुळीत रस्ता, एक चढ नाही. आपली गिऱ्हाइकं राहतात कुठे? कोणी उभ्या घाटीत, कोणी पाखाडीच्या अरुंद दगडी वाटेला, कोणी खाडीच्या काठावर. त्या पुलाजवळ कोण राहतं? मला गाडी त्यांच्या दारापर्यंत नेऊ द्या. त्यांच्या चढावर, त्यांची माणसं बसवून. जे आहे ते त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे.

साहेबांनी पेट्रोलचा विषय काढला, किलोमीटरचा काढला, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींचा काढला. डेमोच्या गाडीला ओरखडा आला तर कंपनीला उत्तर त्यांना द्यायचं होतं, तेही खोटं नव्हतं. मी हलले नाही.

शेवटी म्हणाले, "ठीक आहे. तुमचे तीन महिने संपेपर्यंत करा. पण एक ओरखडा आला, किंवा गाडी कुठे चढावर अडकून मला फोन आला, की त्या दिवसापासून तुम्ही रिसेप्शनला."

मी हो म्हटलं. बाहेर आले तर उस्मानभाई दाराशीच उभे. त्यांनी फक्त विचारलं, "टायरमधली हवा बघू काय?"

*

दारात गाडी नेणार म्हटल्यावर सगळ्यात आधी आली ती बंदरावरची मासळी विकणारी पारूताई. रोज पहाटे लिलावात मासळी घ्यायची आणि रिक्षाने गावोगाव न्यायची. रिक्षावाला वासाचं भाडं वेगळं लावतो, म्हणून आता स्वतःची गाडी. चालवणार तिचा नवरा.

प्रसादने गाडीचे गुण सुरू केले. टचस्क्रीन, ब्लूटूथ, मागे कॅमेरा. पारूताईने सगळं ऐकून घेतलं. मग डिकी उघडायला सांगितली, आत डोकं घालून बघितलं आणि विचारलं, "बर्फाचं पाणी जाणार कुठनं?"

ब्रोशरमध्ये पाणी कुठून येतं तेही नव्हतं, मग जाणार कुठून! प्रसाद म्हणाला, पाणी सांडायचंच नाही ना. ती म्हणाली, "बर्फ तुझा ऐकनार काय?"

उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी डिकीचा गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली आणि खालच्या खोलग्यात बोट दाखवलं. तिथे रुपयाएवढं रबरी बूच. उपटलं की पाणी सरळ रस्त्यावर. पारूताई खाली वाकली, बूच स्वतःच्या हाताने काढून बघितलं, परत लावलं, परत काढलं.

"आणि येवढी कामाची गोष्ट कागदात कशाला नाय लिवली?"

उस्मानभाई म्हणाले, "लिहिणारा शाकाहारी असेल."

मग मी तिच्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत, बर्फाने भरलेले दोन टब डिकीत ठेवून गाडी नेऊन आणली. ओरखडा नाही. वास मात्र आठवडाभर होता. साहेब रोज केबिनमधून विचारायचे, शोरूममध्ये सुकट कोणी आणलीय. आम्ही सगळे कामात असायचो.

*

मालगुंडच्या रस्त्याला एक आतलं गाव आहे, तिथल्या अंगणवाडीच्या बाई, सुमनताई. फार व्यवस्थित बाई. त्यांना गाडी अगदी अंगणात न्यायची होती, कारण नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि रस्त्यापासून घर लांब. आत जायची वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे चिऱ्यांच्या बुटक्या भिंतींमधून. आणि त्या वाटेच्या तोंडाला बेडं.

बेडं म्हणजे आमच्याकडचं गुरांसाठीचं फाटक. दोन बाजूंना दोन चिऱ्याचे खांब, खांबांना भोकं, आणि त्या भोकांतून आडवे बांबू सरकवायचे.

सुमनताई एसटीने शोरूमला आल्या त्या खांद्यावर बेड्याचा बांबू घेऊन. म्हणाल्या, टेपबिप काही नको, हेच आमच्या दाराचं बरोब्बर माप. कंडक्टरने बांबूचं तिकीट मागितलं होतं म्हणे. प्रसादने आणि मी बांबू गाडीवर आडवा धरला. आरसे मिटले की गाडी त्याच्यात बसत होती आणि दोन्हीकडे चार-चार बोटं जागा उरत होती. सुमनताई समाधानाने चहा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेले. सगळी वाडी जमलेली. आरसे मिटले, पहिला गिअर, सावकाश सावकाश बेड्यापर्यंत आले आणि थांबले. माझ्या व्हॅनच्या सवयीने डोळ्यांना कळत होतं, ही गाडी ह्यातून जाणार नाही.

"या की पुढे," सुमनताई म्हणाल्या, "चार बोटं जागा आहे."

मी खाली उतरले. खांबाकडे बघितलं, बांबूकडे बघितलं, खांबाच्या भोकात हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बांबू भोकांमध्ये दोन्हीकडे वीतभर आत जातो! आम्ही मोजला होता अख्खा बांबू, भोकातल्या दोन विती धरून.

सगळी वाडी हसायला लागली. सुमनताईंचा चेहरा उतरला. आणखी चार हात पुढे घातली असती तर ओरखडा काय, दारच गेलं असतं. म्हटलं, ताई, असू दे, रस्त्यावरच उभी करत जा. त्यांनी खांब हलवून बघितला. मग काठी टेकत बेड्यापर्यंत आलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा डावीकडचा खांब काढायला सांगा."

नवरा म्हणाला, "अगं, तो आजोबांनी घातलाय."

"हो ना," सुमनताई म्हणाल्या, "त्यांचे गुडघे चांगले होते."

चौथ्या दिवशी फोन आला, खांब हलवलाय, ताई, गाडी घेऊन या. आणि ह्या वेळी मी टेप आणलीय.

*

आता तीन महिन्यांतला शेवटचा दिवस.

त्या दिवशी साळवीसाहेब स्वतः टेस्ट ड्राइव्हला येणार होते. म्हणाले, निर्णय द्यायचा तर एकदा बघून देतो. गिऱ्हाईक म्हणजे डोंगराकडच्या एका वाडीतल्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा मुंबईची नोकरी सोडून गावी आला होता, गाडी तो आणि सून चालवणार. पण पसंत कोण करणार, तर आजी. आजी एवढंच म्हणाल्या होत्या, वाडीचा चढ चढून दाखवा, मग बोला.

तो चढ मी आधी बघून आले होते. उस्मानभाईंना मागे बसवून दोनदा चढलेही होते. सरळ उभा, मध्ये एक वळण, रस्ता एका गाडीपुरता. डांबर मध्ये मध्ये उरलेलं, बाकी लाल खडी.

साहेब पुढे बसले, पांढरा शर्ट, गळ्यात टाय. मागे आजी मध्ये, दोन बाजूंना मुलगा आणि सून. पायथ्याशी आल्यावर मी म्हटलं, "आजी, आता एसी बंद करते. वर गेलो की परत लावते. पाच माणसांना घेऊन एसीसकट ही चढत नाही." साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. आजी म्हणाल्या, बंद कर बाय, मना थंडीच वाजतेय.

पहिला गिअर. गाडी चढायला लागली. वळण जवळ आलं, आणि वरून हॉर्न. एसटी! वाडीची सकाळची गाडी उशिरा सुटली होती. तिला मागे जायला जागा नव्हती. वळणापाशी रस्ता जरा रुंद होता, तिथे मी डावीकडे गटाराच्या काठाला घेऊन थांबले, अगदी चढाच्या मध्यावर. हँडब्रेक ओढला. एसटी आमच्या आरशाला चिकटून, इंच इंच करत खाली गेली. ओरखडा नाही.

आता परत निघायचं. पाच माणसं, उभा चढ, चाकाखाली सुटी खडी. मी क्लच दाबला, तेवढ्यात शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. बघते तर साहेब खाली!

घाटात गाडी थांबली की कोणीतरी उतरायचं आणि गाडी मागे येऊ नये म्हणून चाकामागे दगड लावायचा, ही आमच्याकडच्या माणसांची जुनी सवय. साहेबांनी दार लोटून कडेच्या गडग्यातला हा एवढा चिरा उपसला होता आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते मागच्या चाकाकडे धावत होते. "ताई, थांबा, लावतो, लावतो!"

सुट्या खडीवर आणखी थांबले असते तर गाडी हँडब्रेकसकट मागे घसरली असती. ॲक्सिलरेटर दिला, क्लच जागेवर आला, गाडी पुढे ओढायला लागली तसा हँडब्रेक सोडला. बोटभरही मागे आली नाही. खडी उडाली, आणि आम्ही निघालो ते वळण घेऊन थेट वर, वाडीतल्या देवळासमोर. गाडी बंद केली.

मागे सून म्हणाली, "ते साहेब राहिले."

बघतो तर साहेब चढ चढून येत होते. शर्ट घामाने भिजलेला, टाय खांद्यावर गेलेला, आणि चिरा अजून हातातच. खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. वाडीतली माणसं देवळाच्या पायरीवर उठून उभी राहून बघत होती.

ते गाडीजवळ आले. गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, दोन्ही बाजू, मागचा बंपर, चाकं, सगळं बघितलं. मग माझ्या खिडकीशी आले. दम लागला होता, त्यामुळे तुटक तुटक बोलले.

"ताई, उद्यापासून रूट तुम्हीच लिहायचे. मी सही करतो."

मी हो म्हटलं.

तेवढ्यात आजींनी सुनेच्या अंगावरून वाकून मागची काच खाली केली. त्यांनी साहेबांना आपादमस्तक बघितलं, मग त्यांच्या हातातल्या चिऱ्याकडे बघितलं. आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ह्यो दगड गाडीसंगती मिळतो काय?"

साहेबांनी चिऱ्याकडे बघितलं, चढाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"नाही आजी," ते म्हणाले, "हा माझा आहे."

आणि चिरा तसाच हातात घेऊन ते परत पुढच्या सीटवर येऊन बसले.